कागद तुमचा, काम आमचं

या आठवड्याचं पत्र कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतून आलं आहे. पाठवणाऱ्या ताईंनी नाव न छापण्याची विनंती केली आहे. पत्र मोठं होतं, त्यातला गाभा देतो.

"मी 36 वर्षांची आहे. कास्टिंगचं (ओतीव भागांचं) मशीनिंग करणाऱ्या एका कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंग बघते. सगळी मिळून 140 माणसं आहेत. मागच्या वर्षी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून 'आजपासून प्रोसेस सुधारणा तुमच्याकडे' असं सांगितलं. आठ महिन्यांत मी 42 एसओपी (काम कसं करायचं याच्या लेखी पद्धती) लिहिल्या, सगळ्यांची ट्रेनिंगं घेतली, भिंतींवर बोर्ड लावले. तरीही पार्टीला दहा दिवसांत माल देतो म्हणतो आणि सतरा-अठरा दिवस लागतात. शॉपवर केव्हाही मोजलं तर 2,400 च्या आसपास जॉब (काम पूर्ण न झालेले नग) पडलेले असतात, रोज 160 बाहेर जातात. आमचे सिनिअर सुपरवायझर काका 27 वर्षं इथे आहेत. ते प्रत्येक एसओपीवर सही करतात आणि काम मात्र जुन्याच पद्धतीने करतात. मी विचारलं तर म्हणाले, 'मॅडम, कागद तुमचा, काम आमचं. सही कुठं करायची तेवढं सांगा.' आता मालक 18 लाखांचं ईआरपी (कारखान्याचा कारभार एका ठिकाणी आणणारं सॉफ्टवेअर) घ्यायचं म्हणतात. दर महिन्याला विचारतात, किती सुधारणा झाली? माझ्याकडे उत्तर नसतं. रात्री झोप लागत नाही. मी राजीनामा द्यावा का?"

ताई,

राजीनाम्याचं आधी सांगतो, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. आत्ता देऊ नका. तुम्ही कमी पडलात असं तुमच्या पत्रात मला कुठेही दिसत नाही. जे काम आधी करायचं ते तुम्हाला कुणी सांगितलंच नाही आणि जे शेवटी करायचं ते पहिल्या दिवशी हातात दिलं. एसओपी हा सुधारणेचा शेवटचा कागद असतो. आठ महिने तुम्ही शेवटापासून सुरुवात करत आलात, म्हणून दमलात.

आणि काकांचं ते वाक्य तुम्हाला लागलं आहे, हे कळतं. तरी ते वहीत लिहून ठेवा. तुमच्या अख्ख्या पत्रात रोगाचं नेमकं निदान त्या एका वाक्यात आहे. काम एकीकडे आहे आणि कागद दुसरीकडे, हेच ते तुम्हाला सांगत आहेत. 27 वर्षं ज्याने शॉपवर काढली त्याला तुम्ही "हे काम असं करायचं" असं लिहून दिलंत, पण "तुम्ही हे असं का करता?" हे विचारलं होतंत का? पत्रात तरी तसं कुठे दिसत नाही. त्या प्रश्नापासून सुरुवात करू.

मी भोसरीत एका कारखान्यात नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. तिथेही अशीच कपाटभर कार्यपद्धती होती. ऑडिटर आले की फायली बाहेर निघायच्या, गेले की परत आत. माल उशिरा जायचा, रोज सकाळच्या मीटिंगमध्ये स्टोअर आणि क्वालिटी यांची जुंपायची. एके दिवशी आमच्या जुन्या वर्क्स मॅनेजरांनी मला सांगितलं, आज टेबलावर बसू नकोस, एक जॉब धर आणि तो जाईल तिथे जा. मी एक पंपाचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, धरलं. फाउंड्रीतून आलेल्या लॉटमधला एक नग. त्याच्यावर खडूने फुली मारली आणि वही घेऊन त्याच्या मागे लागलो.

त्या हाउसिंगवर प्रत्यक्ष काम झालं ते सगळं मिळून 52 मिनिटं. टर्निंग, व्हीएमसी या काँप्युटरने चालणाऱ्या मशीनवर ड्रिलिंग-टॅपिंग, डीबरिंग, धुणं, तपासणी, पॅकिंग. आणि गेटमधून आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंत लागले अकरा दिवस. उरलेला सगळा वेळ ते हाउसिंग नुसतं बसून होतं. इनवर्ड तपासणीसाठी दीड दिवस. मग मशीनसमोरच्या ट्रॉलीत तीन दिवस. मग दुसऱ्या मशीनसमोर. आम्ही सहा महिने वाद घालत होतो तो त्या 52 मिनिटांवर. फीड वाढवा, टूल बदला, ऑपरेटरला अर्धा तास जादा थांबवा. अकरा दिवसांकडे कुणाचं लक्षच नव्हतं, कारण नुसत्या पडून राहिलेल्या जॉबवर कुणाचंही नाव नसतं. मशीन बंद पडलं की माणूस धावत येतो. जॉब पडून राहिला की कुणी येत नाही.

त्या अकरा दिवसांत एक जागा अशी होती की आजही डोळ्यांसमोर आहे. फर्स्ट शिफ्ट सकाळी सातला सुरू व्हायची. नवा जॉब मशीनवर लागला की पहिला पीस क्वालिटीकडून ओके करून घ्यावा लागायचा, त्याशिवाय पुढचे काढायचे नाहीत. नियम बरोबरच होता. पण त्या हाउसिंगचा प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायचं साधन, क्वालिटीच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली जनरल शिफ्टला येणाऱ्या माणसाकडे. तो यायचा साडेनऊला. म्हणजे सातला पहिला पीस काढून ऑपरेटर अडीच तास ओके होण्याची वाट बघत थांबायचा. थांबायचा म्हणजे खरं तर थांबायचा नाही. उत्पादनाचा आकडा भरायचा असतो, म्हणून अंदाजाने पुढचे काढत राहायचा. त्यातले काही रिजेक्ट व्हायचे. मग रिजेक्शनची मीटिंग व्हायची आणि त्यात ऑपरेटरला बोलणी बसायची.

ही गोष्ट तिथल्या प्रत्येक ऑपरेटरला ठाऊक होती. मी विचारलं, सांगितलं का नाही? एक जण म्हणाला, "साहेब, कुणी विचारलंच नाही." दुसरी किल्ली करून फर्स्ट शिफ्टच्या सेटरकडे, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या माणसाकडे, दिली, त्याला गेज वापरायला शिकवलं, प्रश्न संपला. किल्लीला किती पैसे लागतात ते तुम्हाला माहीत आहे.

तेव्हा पुढचे दोन आठवडे तुमचं काम एवढंच: एक जॉब धरा आणि त्याच्या मागे जा. काँप्युटरवर नको, पायी. प्रत्येक ठिकाणी दोनच गोष्टी लिहा, किती वाजता आला आणि किती वाजता काम सुरू झालं. जिथे थांबला तिथे कशासाठी थांबला, ते तिथल्या माणसाच्याच शब्दांत लिहा. कुणाचं नाव घालू नका. हे फार महत्त्वाचं आहे. वहीत नावं दिसली की दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला खरं कुणी सांगणार नाही.

आता तुमच्याच आकड्यांकडे बघू. शॉपवर 2,400 जॉब, रोज बाहेर जातात 160. भागाकार करा. पंधरा. म्हणजे आज आत आलेला जॉब, रांगेत शेवटी उभा राहिला तर, कामाचे पंधरा दिवस झाल्याशिवाय बाहेर पडणारच नाही. त्यात सुट्ट्या धरल्या की तुमचे सतरा-अठरा दिवस झाले. जॉन लिटल या अमेरिकन अभ्यासकाने 1961 साली हे गणिताने सिद्ध करून दाखवलं, पण स्टेशनवरच्या तिकिटाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कुणालाही ते आतून ठाऊक असतं: पुढे किती माणसं आहेत आणि खिडकी किती वेगाने चालते, यावर आपला नंबर ठरतो. त्यात एसओपीचा काही संबंध नाही. काका आळशी आहेत, माणसं ऐकत नाहीत, याचाही नाही. दहा दिवसांत माल द्यायचा असेल आणि सुट्टी धरून कामाचे आठ दिवस हातात असतील, तर शॉपवर एका वेळी 1,280 पेक्षा जास्त जॉब असून चालणार नाही. आठ गुणिले 160. किंवा रोजचे 160 वाढवा. पण ते वाढवायला मशीन लागतं, माणूस लागतो. पडलेला माल कमी करायला बहुतेक वेळा निर्णय पुरतो.

मग एवढा माल पडतो का? इथे काकांकडे जावं लागेल. ते मोठ्या लॉटमध्ये काम काढतात का? माझा अंदाज आहे की हो. एकदा फिक्श्चर, म्हणजे जॉब पकडून ठेवणारं साधन, मशीनवर लागलं की दोनशे-तीनशे नग काढूनच उतरवायचं. तुमच्या एसओपीत पन्नासचा लॉट लिहिला असेल, ते सही करतात आणि तीनशेच काढतात. का? कारण सेटअपला, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन तयार करायला, दोन तास जातात. दिवसातून तीनदा सेटअप बदलला तर सहा तास गेले, आणि संध्याकाळी उत्पादनाचा आकडा कुणाला द्यायचा असतो? काकांना. तुमच्या जागी बसून त्यांचं वागणं हट्टीपणा वाटतं, त्यांच्या जागी उभं राहिलं की तोच हिशेब दिसतो. जुनी पद्धत ही बहुतेक वेळा कुठल्या तरी जुन्या अडचणीवर माणसाने काढलेला उपाय असते. अडचण तशीच ठेवून उपाय काढून घ्यायला गेलात तर तो माणूस तुमच्या कागदावर सही करेल आणि स्वतःचा उपाय सांभाळेल. मीही त्याच्या जागी तेच केलं असतं.

म्हणून लॉट लहान करा असं काकांना सांगू नका. सेटअप लहान कसा करता येईल, हे विचारा.

हा विषय मला जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. शिगेओ शिंगो हे जपानी अभियंते 1950 साली हिरोशिमात, पुढे माझदा म्हणून प्रसिद्ध झालेल्या कारखान्यात, मोठ्या प्रेसचं काम बघायला गेले होते. प्रेसचा डाय (साचा) बदलायला फार वेळ लागतो, अशी तक्रार होती. ते उभे राहून बघत होते तर एक कामगार तासाहून जास्त वेळ एक बोल्ट शोधत फिरत होता. डाय बसवायला लागणारा तोच बोल्ट सापडत नव्हता आणि तेवढा वेळ अख्खा प्रेस बंद. तिथून शिंगोंनी सेटअपची कामं दोन भागांत वेगळी करायला सुरुवात केली: मशीन बंद असतानाच करता येतील अशी, आणि मशीन चालू असतानाच उरकून ठेवता येतील अशी. बोल्ट शोधणं, फिक्श्चर आणणं, टूल लावून ठेवणं, प्रोग्रॅम काढणं, हे सगळं मशीन चालू असताना होऊ शकतं. 1969 मध्ये टोयोटात एका 1,000 टनी प्रेसचा सेटअप चार तासांचा होता. तो त्यांनी आधी दीड तासावर आणला आणि मग तीन मिनिटांवर.

तुम्हाला तीन मिनिटं करायची नाहीत. दोन तासांचा सेटअप पाऊण तासावर आला तरी काका आपण होऊन लॉट लहान करतील, कारण मग त्यांचा आकडा बुडणार नाही. एका व्हीएमसीचा एक सेटअप मोबाइलवर चित्रित करा, आधी परवानगी घेऊन. मग काका, सेटर आणि तो ऑपरेटर यांना चहाला बसवून तो व्हिडिओ त्यांनाच दाखवा. तुम्ही काही बोलू नका. माणसं स्वतःच म्हणतात, अरे, हा अ‍ॅलन की आणायला किती लांब गेला बघ. फिक्श्चर रॅकच्या तळाशी का ठेवलंय? तुम्ही फक्त लिहून घ्या. आणि त्यातली पहिली गोष्ट, मग ती टूल ठेवायला एक ट्रॉली असो वा रॅकची जागा बदलणं असो, त्याच आठवड्यात करून द्या. पुढच्या आठवड्यात नाही. इतकी वर्षं सूचना देऊन कंटाळलेल्या माणसाला फक्त एकच गोष्ट पटते: मी बोललो आणि ते झालं.

काकांशी बोलायला केबिनमध्ये बोलावू नका. त्यांच्या मशीनपाशी जा, शिफ्ट सुटायच्या आधी अर्धा तास. "काका, मला शिकायचंय, तुम्ही लॉट ठरवताना काय बघता?" एवढंच विचारा आणि खरोखर ऐका. पहिल्या दिवशी ते फार बोलणार नाहीत. तुम्ही काही तरी मनात धरून आलात असं त्यांना वाटेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोलतील. मग जे बोलतील ते तुम्हाला 42 एसओपींमध्ये सापडलं नाही असं असेल. एक मात्र सांभाळा: त्यांनी सांगितलेली युक्ती मालकांपुढे मांडताना "काकांनी सांगितलं" असं म्हणा. तुमचं श्रेय जाणार नाही, उलट तुमचं वजन वाढेल.

माणसं बोलत नाहीत याच्या मागे आणखी एक गोष्ट असते आणि ती कुणी उघड बोलत नाही. भीती. सुधारणा झाली की माणसं कमी करणार. ही भीती काल्पनिक नाही. 1990 च्या दशकात अमेरिकेत व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी मांडलेली, कंपनीची कामाची पद्धत मुळापासून नव्याने रचण्याची कल्पना फार गाजली. पण त्या नावाखाली अनेक कंपन्यांनी हजारो माणसांना घरी पाठवलं. हॅमर यांनी स्वतः 1996 मध्ये मान्य केलं की आपण अभियंत्याच्या नजरेने बघितलं, माणसाच्या बाजूचा पुरेसा विचार केला नाही. तुमच्या ऑपरेटरने हॅमरचं नाव ऐकलेलं नसेल. पण शेजारच्या प्लॉटमधल्या कारखान्यात नवं मशीन आलं आणि चार हेल्पर कमी झाले, हे त्याने बघितलेलं असतं. ज्या सुधारणेने आपली किंवा शेजारच्या सहकाऱ्याची भाकरी जाणार, ती सुधारणा कोण सुचवेल?

म्हणून मालकांकडून एक शब्द घ्या: सुधारणेमुळे वाचलेल्या वेळासाठी कुणालाही काढणार नाही. हा शब्द मालकांनी स्वतः शॉपवर उभं राहून सगळ्यांसमोर द्यावा. तुमच्या तोंडून त्याला किंमत नाही. ते हा शब्द द्यायला तयार नसतील, तर ताई, तुमचं काम अशक्य आहे आणि त्या दिवशी मात्र राजीनाम्याचा विचार जरूर करा. हे मी सौम्य करून लिहिणार नाही. माणसांना घरी पाठवण्याच्या कामाला "सुधारणा" असं नाव देऊन ते तुमच्याकडून करून घ्यायचं असेल, तर ते तुम्ही करू नये.

आता ईआरपी. मी त्याच्या विरुद्ध नाही. चांगलं ईआरपी मोठी मदत करतं, स्टोअरचा हिशेब, चलन, बिलिंग, सगळं एका ठिकाणी येतं. पण आज घेऊ नका. ज्या वाटेवर जॉब पंधरा दिवस थांबतो तीच वाट काँप्युटरमध्ये बसवली तर जॉब पंधरा दिवसच थांबेल, फक्त तो कुठे थांबलाय हे स्क्रीनवर दिसेल. आणि ज्या किल्लीची गोष्ट मी सांगितली ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये दिसली नसती.

याचं एक उदाहरण मालकांना नक्की सांगा. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्ड कंपनीच्या उत्तर अमेरिकेतल्या अकाउंट्स पेएबल खात्यात, म्हणजे पुरवठादारांची बिलं चुकती करणाऱ्या खात्यात, पाचशेहून अधिक माणसं होती. त्यांचा विचार होता की काँप्युटर आणून वीस टक्के कमी करू. मग त्यांनी माझदाकडे बघितलं. तिथे हे काम पाच माणसं करत होती. माझदा लहान कंपनी आहे हे धरूनही फरक फार मोठा होता. फोर्डच्या लोकांचा बहुतेक वेळ ऑर्डर, माल मिळाल्याची पावती आणि पुरवठादाराचं बिल हे तीन कागद एकमेकांशी जुळवण्यात जायचा. जुळले नाहीत की पत्रव्यवहार. त्यांनी बिलाचा कागदच काढून टाकला. माल गेटवर आला आणि ऑर्डरशी जुळला की पैसे द्यायचे, बिलाची वाट बघायची नाही. जुळला नाही तर माल परत. काँप्युटर तिथेही होता, पण तो नंतर आला. आधी त्यांनी वाट बदलली. तुमच्याकडेही अशी जागा असेलच. पीडीआय रिपोर्ट (माल पाठवण्याआधीची तपासणी), टीसी (चाचणीचा दाखला), चलन आणि बिल, यांतले किती कागद एकच आकडा पुन्हा पुन्हा लिहितात ते त्या जॉबच्या मागे फिरताना मोजा. तयार माल पॅक होऊन डिस्पॅचला उभा आहे आणि एका सहीसाठी गाडी सुटत नाही, हे मी इतक्या कारखान्यांत बघितलंय की तुमच्याकडे नसलं तर आश्चर्य वाटेल.

ईआरपी सहा महिन्यांनी घ्या. तोवर वाट सरळ झालेली असेल आणि कोटेशनमधले निम्मे मॉड्यूल लागणार नाहीत हेही कळेल.

मालकांशी बोलताना त्यांच्या भाषेत बोला. शॉपवर पडलेले 2,400 जॉब म्हणजे पैसे आहेत. कास्टिंगची किंमत आणि आतापर्यंतची मजुरी धरून एका जॉबमागे सरासरी 1,100 रुपये अडकले असं धरू. खरा आकडा अकाउंट्सकडून घ्या. 26 लाख 40 हजार रुपये झाले. ईआरपीच्या कोटेशनपेक्षा जास्त पैसा तुमच्या शॉपच्या फरशीवर पडला आहे आणि त्यावर बँकेचं व्याज चालू आहे. माल निम्मा झाला तर तेरा लाख मोकळे होतात. शिवाय माल लवकर गेला की बिल लवकर जातं. तुमचा कारखाना सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे खरेदीदाराने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात. पण ते दिवस त्याने माल स्वीकारल्यापासून मोजले जातात. शॉपवर गेलेले पंधरा दिवस कुठलाही कायदा भरून देत नाही.

एका गोष्टीला मालक विरोध करतील, त्याची तयारी ठेवा. पडलेला माल कमी करायचा म्हणजे कधी कधी एखादं मशीन रिकामं ठेवावं लागतं, कारण पुढच्या मशीनसमोर आधीच ढीग आहे. मशीन रिकामं दिसलं की मालकांच्या पोटात गोळा येतो, आणि ते स्वाभाविक आहे, त्यांनी कर्ज काढून घेतलेलं असतं. त्यांना हे सांगा: कामं अनियमित येत असतील तर, रांगेच्या सर्वांत साध्या गणितात, मशीन 80 टक्के भरलेलं असताना जॉबला स्वतःच्या कामाच्या चौपट वेळ रांगेत थांबावं लागतं. 95 टक्के भरलं की तोच वेळ एकोणीस पट होतो. शेवटचे पंधरा टक्के पिळून काढायला गेलं की उशीर जवळजवळ पाचपट. प्रत्येक मशीनसाठी हा हिशेब अगदी असाच्या असा लागू होत नाही, पण दिशा हीच असते. म्हणून ज्या एका मशीनवर सगळं अडतं, ते शोधा. त्याला कधीही माल कमी पडू देऊ नका, आणि बाकीची मशीनं त्याच्या चालीने चालवा. बाकीची थोडी रिकामी राहिली तरी नुकसान नाही.

मालक महिन्याला "किती सुधारणा झाली" विचारतात, तेव्हा एसओपी किती लिहिल्या ते सांगू नका. ट्रेनिंग किती झाली तेही नको. दोन आकडे सांगा. शॉपवर आज किती जॉब पडले आहेत, आणि मागच्या महिन्यात गेलेल्या मालातला किती दिलेल्या तारखेला गेला. हे दोन्ही आकडे शॉपवर एका साध्या फळ्यावर खडूने रोज लिहा, आणि शक्य असेल तर काकांच्या हातून. छापलेला बोर्ड लावू नका. छापील बोर्ड एकदा वाचला जातो, खडूचा आकडा रोज बघितला जातो. पहिल्या महिन्यात तो फारसा हलणार नाही. दुसऱ्यात थोडा हलेल. मध्ये एखादी पार्टी फोन करून "आमचं अर्जंट आहे" म्हणेल आणि सगळी रांग विस्कटेल. दर आठवड्याला किती अर्जंट जॉब आत घुसले तेही फळ्याच्या कोपऱ्यात लिहा. बहुतेक वेळा मालकांना स्वतःलाच ठाऊक नसतं की फोनवर "हो" म्हणून त्यांनी किती जॉब पुढे ढकलले.

आणि त्या 42 एसओपी. फाडू नका, कपाटात ठेवा. सेटअपचं काम काकांबरोबर जमलं, की त्या एका मशीनसाठी नवी एसओपी त्यांना सांगायला लावा आणि तुम्ही लिहा. एक पान, त्यांच्या शब्दांत, मोबाइलवर काढलेले दोन फोटो. मग ती मशीनला अडकवा. तिच्यावर सही कुठे करायची हे तेव्हा त्यांना विचारावं लागणार नाही, कारण ती त्यांचीच असेल. तिथून पुढच्या मशीनकडे जा. वर्षभरात दहा-बारा झाल्या तरी खूप झाल्या.

तुम्हाला झोप लागत नाही, हे वाचून मला वाईट वाटलं. 140 माणसांच्या सवयींचं ओझं तुम्ही एकटीने आठ महिने डोक्यावर घेतलंय. ते एकटीने उचलायचं नसतंच. पहिले दोन आठवडे फक्त बघायचं आहे, बदलायचं काही नाही, हे मालकांना आजच सांगून टाका आणि तेवढी मुदत मागून घ्या. वही आणि खडू घेऊन सोमवारी सकाळी सातला, फर्स्ट शिफ्टच्या वेळी गेटवर उभ्या राहा. फाउंड्रीची पहिली गाडी आली की त्यातला एक जॉब निवडा, फुली मारा, वेळ लिहा. आणि त्या दिवशी नवा जॉब मशीनवर लागला, की पहिला पीस ओके करायचा गेज कुठे असतो आणि त्याची किल्ली कुणाकडे असते, तेवढं ऑपरेटरला विचारा. काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा.

तुमचा,
सदराचा लेखक